चांगाचे सात लाकडी मासे

चांगाकडे सात लाकडी मासे होते, खऱ्या माशांना भुलवायला दोरीने पाण्यात सोडायचे. त्यांची यादी माझ्याकडे अजून आहे, कारण यादी केल्याशिवाय कोणतीही गोष्ट मला समजल्यासारखी वाटत नाही. फौजदार, खोत, भटजी, पाटलीण, मुकी, थोरली आणि कारकून. नावे त्यानेच ठेवलेली. फौजदार पाण्यावर आदळताना मोठा आवाज करी आणि त्याला घाबरून सगळे पळत. खोताचे पोट जड, तो तळाशी जाऊन बसे. भटजीच्या कपाळावर चुन्याचा पट्टा होता. पाटलीण कंबर हलवीत येई, मुकी चाहूल न देता येई. थोरली कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब आणि सर्वांत कामाची. कारकून सर्वांत लहान. ओढावा तसा सरळ तो कधीच येत नसे.

“हा माझ्यावरून का रे?” मी विचारले होते.

“न्हाय भावसायब. तुमच्या आदी जे व्हते त्यांच्यावरनं. तुमी तं आत्ता आलाव.” मग जरा थांबून म्हणाला, “बगू.”

मी देशावरून बदली होऊन खाडीकाठच्या त्या तालुक्याच्या कचेरीत आलो तेव्हा एकोणतीस साल होते. समुद्र मी त्याआधी पाहिलेला नव्हता. वरचे साहेब दौऱ्यावर आले की त्यांच्या मुक्कामाची व्यवस्था माझ्याकडे असे. कोंबड्या, अंडी, दूध, गाद्या, कंदील, पाणी उकळायची भांडी, अशी सगळी यादी मी आठ दिवस आधी तयार करी. बहुतेक मुक्काम भालखारच्या बंगल्यात पडे, कारण तिथे वारा चांगला होता. आणि त्या यादीत एक कलम माझ्या आधीच्या कारकुनापासून, त्याच्याही आधीपासून चालत आलेले होते: जिताडा, एक, मोठा. त्यापुढे कंसात नाव: चांगा.

खाडीकाठच्या गावांत ती रीतच आहे. मोठा माणूस आला की त्याला जिताडा द्यायचा, खाडीतला हा मानाचा मासा. अर्ज अडला असेल तर द्यायचा, अडू नये म्हणूनही द्यायचा. सुरमई, पापलेट बाजारात मिळते. मोठा जिताडा मात्र कोणीतरी कोणालातरी दिलेला असतो.

भालखारची भातशेती भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहे. मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधाला एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. दगडी खांबांच्या खाचांत जाड सागवानी फळ्या बसवलेल्या असतात. ओहोटीला फळी उचलली की शेतातले जादा पाणी खाडीत उतरते. भरती लागायच्या आत फळी खाली टाकली की खाडीचे खारे पाणी आत येत नाही. हे उचलणे-टाकणे चांगाच्या घराण्याकडे आजोबांपासून होते. तो गावाने दिलेला मान होता, आणि त्याबरोबर गावकीने घालून दिलेला नियम एकच: अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीवाल्याने गाव सोडायचे नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नालाही चांगा गेला नव्हता, कारण मुहूर्त पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा निघाला. त्याची बायको कमळी हे त्याला वीस वर्षे ऐकवीत होती.

“माज्या भावाच्या लग्नात फली आडवी आली,” ती कोणालाही सांगे. “मी मेली तरी पयला पंचांग बगंल, मंग खांदा दील.”

“आमावशेला मरू नको म्हंजे झाला,” चांगा म्हणे.

दिसायला तो उंच नव्हता. छाती रुंद, पाय बारीक, आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर दोरीने पडलेली एक खोल घडी. बोलताना समोरच्याकडे न बघता पाण्याकडे बघे. घरात बसला असला तरी दाराबाहेर, जिकडे खाडी असेल तिकडे. कचेरीत आला की खिडकी शोधी. माझ्याहून तो दहा-बारा वर्षांनी मोठा असेल, तरी मी त्याला अरे-तुरे करी. तशी पद्धत होती, आणि ती मला खटकली नाही हेही लिहून ठेवतो.

लाकडी मासा त्याला कोणी शिकवला नव्हता. तरुणपणी तो एका नाखव्याच्या जाळ्यावर जात असे. जाळे पाण्यावर धरून ठेवायला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या तरंड्या बांधतात. एकदा जाळे ओढले तर एक तरंडी दोन्ही बाजूंनी घासलेली निघाली, कानस मारल्यासारखी. बाकीच्यांनी ती बदलली आणि विसरून गेले. चांगाने ती घरी आणली. जिताड्याच्या जबड्यात सुळे नसतात, काचकागदासारखी खरखर असते, हे त्याला मासे कापून माहीत होते. म्हणजे जिताड्याने लाकूड तोंडात धरले होते. का धरले? आठवडाभर विचार करून त्याने ठरवले की दोरीला लागून डुलणारी ती तरंडी पाण्याखालून बोईटासारखी दिसली असेल. बोईट म्हणजे खाडीतला तो चंदेरी, थव्याने फिरणारा मासा. जिताड्याचे मुख्य खाणे.

“लाकूड खाया आला तो,” चांगा मला सांगत होता, “मंग मी म्हनलं, बरा लाकूड देव या त्याला.”

पहिली दोन वर्षे एकही मासा लागला नाही. गाव हसले. कमळीने तेव्हाचे एक वाक्य अजून टाकले नव्हते: “आमच्या घरान लाकराचा मासा हाय, ताटान न्हाय.” पण तो मासे घडवीत राहिला. पांगाऱ्याचे वाळलेले लाकूड कोयत्याने तासायचे, पोटात शिसे ओतायचे, खाली गळ बसवायचे, दिव्याच्या काजळीने पाठ काळी करायची, चुन्याने पोट पांढरे, वरून खोबरेल तेलाचा हात. डोळ्यांना गुंजा. प्रत्येक मासा आधी घरामागच्या तळ्यात सोडून बघायचा, आणि तो एका बाजूला कलला तर शिसे काढून परत ओतायचे. थोरलीला त्याने असे अकरा वेळा उघडले होते.

“इतका मोठा कशाला?” मी विचारले. “लहान लाकूड टाकलेस तर जास्त मासे लागतील.”

“बारके लागतील. म्हातारा जितारा धावत न्हाय, भावसायब. तो दिसभर परून र्‍हातो. येकदा उठायचा तं भरपेट घास असंल तरच उठतो. बारक्या घासापायी कोन उठंल? तुमी उठाल का शेंगदान्यासाठी?”

म्हातारा म्हणे, पण मोठा जिताडा ही नेहमी बाईच असते असेही तो सांगे. लहान असतात तोवर नर, मोठे झाले की मादी. त्याने कापलेल्या एकाही मोठ्या माशात त्याला कधी नर सापडला नव्हता. मी ते थट्टेवारी नेले. पण आषाढ-श्रावणात ती अंड्यावर असते म्हणून तो लाकडी मासे आढ्याला टांगून ठेवी, आणि त्या दोन महिन्यांत कोणीही आले तरी खाली काढत नसे. एका श्रावणात एक साहेब मुक्कामाला होते आणि मी माणूस पाठवला. चांगाने निरोप धाडला, “सायबाला सांगा, ती बालंतपनाला गेलीया.” त्या मुक्कामाच्या यादीत मी जिताड्यासमोर ‘उपलब्ध नाही’ लिहिले. तसे लिहिणारा मी पहिलाच कारकून असेन.

जिताडा द्यायची त्याची एक तऱ्हा होती. मासा बंगल्यावर येई तो बिनडोक्याचा. डोके हा जिताड्याचा सर्वांत चवदार भाग, त्याचे कालवण खाडीकाठी देवाला दाखवावे इतके मानतात. डोके तो घरी ठेवी. माझ्या पहिल्या मुक्कामात मी त्याला हटकले.

“डोके कुठे आहे?”

“घरी.”

“पूर्ण मासा द्यायचा असतो.”

तो बंगल्याच्या व्हरांड्यातून खाडीकडे बघत म्हणाला, “कचेरीला डोकं कवापासनं लागाया लागलं?”

पट्टेवाले तोंड फिरवून हसले. मला राग यायला हवा होता. पण मीही हसलो, आणि त्या दिवसापासून आमची ओळख झाली असे म्हणता येईल. पुढल्या वेळी त्याने डोक्याचे कालवण एका मडक्यात झाकून माझ्यासाठी आणले. मी मासे खात नसे. ते मी पट्टेवाल्यांना दिले आणि त्याला चांगले होते म्हणून सांगितले. त्याने ते ओळखले होते. पुन्हा आणले नाही.

रविवारी मी अधूनमधून भालखारला जाऊ लागलो. तो ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत उघाडीच्या बाहेरच्या डोहावर उभा राही. फळी वीतभर उचललेली. शेतातले पाणी धारेने खाडीत पडे. धारेबरोबर बारीक किडे-कोळंबी येई, ती खायला बोईटे जमत. चांगा दोरीची वेटोळी डाव्या हातावर घेऊन थोरलीला डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडी. ती धारेच्या शेजारी पडे, धारेत कधीच नाही. मग तीन हात ओढ आणि थांब. थांबणे हे खरे काम होते. मला वाटे तो झोपला. पाण्यावर लाकूड नुसते पडून, किंचित डुलत.

“पलनाऱ्यावर तो येत न्हाय,” तो हळू आवाजात म्हणे. “थांबला त्याच्यावर येतो.”

आणि एकदा ते मी पाहिले. पाणी आधी फुगले, जसे काही खालून कोणी पाठ वर केली. मग दाराची कडी आपटावी तसा आवाज झाला आणि थोरली नव्हती. चांगाने दोरी लगेच ओढली नाही. ती खांद्यावरून घेतली, पाठ फिरवली आणि बांधावरून शेतावरच्या बैलासारखा चालत निघाला. मासा दोन हात लांब होता. डोळे अंगारासारखे.

त्याने गळ काढला, मासा सावलीत ठेवला, उठून उघाडीकडे गेला, परत आला आणि चिलीम पेटवली. मी मासा बघत होतो. तो उघाडीकडे कशाला गेला हे मी विचारले नाही.

एकतीस सालच्या भाद्रपदाच्या अखेरीस वरून एक साहेब मुक्कामाला आले. त्यांना मासेमारीचा नाद. विलायती गळकाठी, चाक, पितळेच्या चमकत्या चकत्या, सगळे सामान होते. तीन दिवस त्यांनी खाडीवर काढले आणि त्यांना काही लागले नाही. चौथ्या दिवशी जेवणात चांगाचा जिताडा आला. हा कसा धरला, त्यांनी मला विचारले. मी सांगू लागलो, तर म्हणाले, लिहून दे, आश्विनात मी परत येईन.

मी चांगाकडे गेलो. दोन रविवार त्याच्यासमोर बसून विचारून विचारून लिहून काढले. तो काही लपवीत नव्हता. कोणी विचारतो आहे याचेच त्याला अप्रूप होते. मी मराठीत दहा कलमे केली, मग इंग्रजीत उतरवून, सुवाच्य लिहून साहेबांना पाठवली. मराठी प्रत माझ्याकडे राहिली, ती अशी:

१. हंगाम भाद्रपद अखेर ते कार्तिक. आषाढ-श्रावण वर्ज्य.
२. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस. मधल्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाऊ नये.
३. वेळ ओहोटीचे शेवटचे दोन तास. सकाळची ओहोटी उत्तम.
४. जागा उघाडीच्या बाहेरचा डोह.
५. पाणी ताकाच्या रंगाचे असावे. नितळ पाण्यात माशाला लाकूड दिसते, गढुळात काहीच दिसत नाही.
६. लाकडी मासा हातभर लांबीचा. लहान वापरू नये.
७. उघाडीची एक फळी वीतभर उचलावी. धार पडू लागली की बोईटे जमतात व त्यांमागे जिताडा.
८. धारेच्या कडेला टाकावे, धारेत नव्हे.
९. तीन हात ओढून थांबावे. सावकाश वीस अंक मोजावे.
१०. झटका लागताच ओढू नये. दोरी खांद्यावर घेऊन चालू लागावे.

साहेबांचे उत्तर आले. इतके व्यवस्थित टिपण त्यांनी या देशात पाहिले नव्हते म्हणे. ते पत्र मी अव्वल कारकुनांना दाखवले, घरी बायकोला दाखवले, आणि अजून ते टाकले नाही.

आश्विन अमावस्येला साहेब आले, मडमसाहेबांसह. मडमसाहेबांना शहाळ्याचे पाणी आवडे. भालखारला नारळ थोडे. चांगली शहाळी किहीमच्या वाड्यांतली. माझ्या यादीत लिहिले होते: शहाळी, दोन डझन, किहीमहून, माणूस विश्वासू पाहिजे. माणूस एकच विश्वासू होता. शिवाय साहेबांनी आदल्या संध्याकाळी सांगितले होते की टिपण पुरेसे आहे, सकाळी मागे उभा राहून बघणारा कोणी नको.

पहाटे चांगाच्या घरी जाऊन थोरली साहेबांसाठी मागून घेतली आणि त्याला निघायला सांगितले. तो जागचा हलला नाही.

“आज उधान हाय, भावसायब. मी र्‍हातो. पोरगा कोनाचा तरी धारा शहाल्याला.”

“साहेबांनी सांगितलंय, कोणी नको.”

“मी लांब बसंन. खाजनान, तिवरांच्या मांगं.”

“अरे, त्यांच्याकडे यादी आहे.”

त्याने पहिल्यांदाच खाडीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिले. “समदा लिवलाय?”

“सगळं. दहा कलमं.”

लिहिलेल्यावर त्याचा विश्वास होता. त्याला वाचता येत नव्हते. कमळी दारातून म्हणाली, “भावाच्या लग्नाला न्हाय सोरला गाव, आनि मडमेच्या शहाल्याला सोरतोय.” तो कावड घेऊन निघाला.

साडेसहाच्या सुमारास साहेबांना मासा लागला. बांधावर एकच जल्लोष झाला. दोघे पट्टेवाले, दोघेही माझ्यासारखे देशावरचे, मासा बांबूला अडकवून बंगल्यावर घेऊन आले. मागून साहेब दोरी खांद्यावर टाकून, अगदी दहाव्या कलमाप्रमाणे. बंगल्यासमोर फोटो काढायचा ठरला. उन्हाची वाट पाहिली, खुर्ची आणली, मासा उलट टांगला, सुलट टांगला. मी मडमसाहेबांच्या मागे छत्री धरून उभा होतो. फोटोत माझा हात आला आहे.

एव्हाना भरती लागली होती. फळी वीतभर उचललेली तशीच होती. ती टाकायची असते हे तिथे हजर असलेल्यांपैकी कोणाच्या कागदावर नव्हते.

नऊच्या सुमारास शेतावरून बायकांची ओरड ऐकू आली. आम्ही बांधावर पोचलो तोवर वीतभर फटीतून घुसणाऱ्या पाण्याने शेजारची फळी खाचेतून उपटून काढली होती आणि बांध खांबाशी खचू लागला होता. गावातले आठ-दहा गडी पाण्यात उतरले. पण उधाणाचा लोट अंगावर घेऊन फळी खाली जात नाही. दुपारी बारापर्यंत भालखारची सगळी खाचरे खाडी झाली. भात पोटरीतून बाहेर पडलेले, दाणा भरत आलेला. त्यावर कमरेइतके खारे पाणी. ते वर्ष तर गेलेच, पण खाऱ्या जमिनीला तीन पावसाळे धुतल्याशिवाय पीक येत नाही.

चांगा आला तेव्हा भरती पुरी झाली होती. त्याने बांधावर कावड टेकली. शहाळी एकेक करून काढून रांगेत मांडली. मग उघाडीच्या खांबावर जाऊन बसला. पाणी आत-बाहेर सारखे होऊन थांबले होते, आणि दोन पट्टेवाले आता फळी दाबून बसवू पाहत होते. त्याने त्यांना हाताने थांबवले.

“आता नको. खारा आत कोंडंल. जाव दे त्याला, जसा आला तसा.”

संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत तो तिथेच बसून राहिला. पाणी उतरल्यावर त्याने एकट्याने फळी उचलून खाचेत घातली, पायाने दाबली, आणि खचलेल्या जागी चिखल-पेंढा भरीत राहिला.

गावाने त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. गावकी बसली. पाटलांनी एकच प्रश्न विचारला: “उधानाला गाव सोरला का न्हाय?” चांगा म्हणाला, “सोरला.” कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याने सांगितले नाही, आणि नियमात तो प्रश्न नव्हताही. उघाडी दुसऱ्या घराकडे गेली.

कचेरीचा पंचनामा मी लिहिला. माझे अक्षर चांगले म्हणून तो माझ्याकडे आला. त्यात दोन वाक्ये अशी होती: ‘भरतीचे वेळी उघाडीवाला कामावर गैरहजर होता. दुपारी हजर झाल्यावरही फळी न टाकता तो बसून राहिला.’ दोन्ही वाक्ये खरी होती. अव्वल कारकुनांनी वाचून मान डोलावली. त्याच संध्याकाळी मी घरी यादी काढून बघितली. दहाही कलमे वाचली, पुन्हा वाचली. फळी उचलावी असे सातव्यात होते. फळी टाकावी असे कुठेच नव्हते. चांगाने ते सांगितले नव्हते, कारण त्याच्या लेखी ते मासेमारीत मोडत नव्हते. घरातून निघताना दार ओढून घ्यावे असे कोणी कोणाला सांगत नाही. आणि मी विचारले नव्हते. पंचनामा अजून माझ्या टेबलावर होता. सकाळी मी तो पुढे पाठवला.

साहेबांनी फोटोची एक प्रत मला पाठवली. थोरली ते आठवण म्हणून घेऊन गेले होते.

पाच वर्षांनी मुंबईला जायला मी रेवसच्या बंदरावर आलो. लाँचला अवकाश होता. धक्क्याजवळ ताडपत्रीखाली एक माणूस जाळ्यांच्या तरंड्या तासत बसला होता, आणि शेजारी एक बाई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन. खांबाला सुतळीने एक लहान लाकडी मासा टांगलेला होता. एका बाजूची गुंज गळून पडली होती. वाऱ्याने तो फिरे आणि दर वेळी वाकडाच थांबे.

“चांगाबाबा,” मी म्हणालो.

त्याने वर पाहिले, मग लगेच खाडीकडे. “आयकलास का, कमले? भावसायब आज बाबा म्हनतान.”

“काम असंल कायतरी,” कमळी म्हणाली. “लिवून घ्याया आलाव का, भावसायब? आता लिवन्यासारखा काय उरला न्हाय. सहा व्हती, ती आमी चुलीत घातली. यो कारकून तेवरा र्‍हायला. तो पेटं ना.”

“सात व्हती,” चांगा म्हणाला. “पाच घातली. थोरली सायबानं न्हेली.”

मी खोक्यावर बसलो. त्याला एक सांगायचे पाच वर्षे मनात होते आणि त्यासाठी यादीची घडी पाकिटात घेऊन फिरत होतो. तोंडाने सांगणे जमेना. म्हणालो, “तुम्ही सांगितलं ते मी तुम्हाला कधी वाचून दाखवलं नाही. वाचू?”

“वाचा की.” कोयता चालूच होता.

मी वाचू लागलो. दर कलमाला तो ‘बराबर’ म्हणे. ताकाच्या रंगाच्या पाण्याला तो किंचित हसलाही. सातवे वाचले तेव्हा कोयता थांबला. “ईतभर. बराबर.” मी आठवे वाचले, नववे वाचले. “ईस मोजावं. बराबर.” दहावे वाचून मी कागद खाली घेतला.

तो वाट पाहत होता. “मंग?”

“दहाच आहेत.”

“मंग फली कोन टाकतो?”

मी कागदाची घडी घातली. कमळी टोपलीवरची माशी वारायची थांबली.

“मना वाटलं,” चांगा सावकाश म्हणाला, “सायबानं यादी वाचली न्हाय. पाच वरसं मी त्यालाच शिव्या देतोय.”

लाँचने भोंगा दिला. “जावा,” तो म्हणाला, “सुटंल.” त्याच्या आवाजात राग असता तर मी कदाचित थांबलो असतो.

लाँच धक्क्यापासून सुटली तेव्हा मी कठड्याशी उभा होतो. तो पुन्हा तासायला लागला होता. पांगाऱ्याच्या पांढऱ्या ढलप्या उडून पाण्यात पडत होत्या आणि ओहोटीबरोबर एकामागून एक बाहेर चालल्या होत्या. बोईटांचा एक लहानसा थवा त्यांच्यामागे आला, प्रत्येक ढलपीला तोंड लावून बघत होता आणि सोडून देत होता. चांगा खाडीकडे बघत नव्हता. मान खाली घालून हातातल्या लाकडाकडे बघत होता.